डाव्या पायाचं माप

श्रीनगर, १२ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईजवळ निरोप दिला तर ती निम्मा गिळते, म्हणून पत्र. शिबिरात रोज आठ-दहा जणांना कृत्रिम पाय बसवते. थंडी कडक आहे, पण मजेत आहे.

काल एक माणूस आला. सतराव्या वर्षी अतिरेक्यांसाठी सुरुंग पेरताना त्याचा डावा पाय गेला. शिक्षा भोगून सुटलाय. लष्करात असताना ज्यानं तुमचा पाय गेला, तो सुरुंग त्याचा नव्हे. तेव्हा तो दुसरीत असणार, मी हिशेब केला. तरी माप घेताना हात चालेना. महिनाअखेरीला या म्हणून परत पाठवलं. हे काम मी तुमचा पाय बघून शिकले. त्याला पाय दिला तर तुम्हाला काय वाटेल? नको म्हणालात तर दुसऱ्या कुणाला सांगेन.

तुमची लाडकी,
स्वप्नाली

गडमुडशिंगी, २० नोव्हेंबर

चि. स्वप्नाली हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या वाटणीचा खरवसही मीच खाल्ला.

तुझं पत्र शेजारच्या बाळासोला दाखवलं. पाय कसला देताय, दुसराबी काढा की, असं म्हणाला. चहा पाजून वाटेला लावला. पण दोन दिवस मलाही राग आवरेना. त्या माणसाचा, आणि तुझाही.

देशासाठी भरती झालो, असं मी गावाला सांगतो. खरं म्हणजे दहावीत नापास झालो होतो, घरात कुणी बोलेना. गणपतराव मास्तरांनी हाताला धरून भरतीच्या मैदानावर नेलं. त्या वयात दुसऱ्या कुणी हात धरला असता, तर त्याच्यामागंही गेलोच असतो. त्यानं केलं ते वाईटच, त्यात बदल नाही. पण त्याचा हात कुणी धरला ते विचार. ते कळल्याशिवाय पुढच्या पोराला कोण अडवणार? नावही लिहिलं नाहीस त्याचं.

पाय तूच बसव, नीट बसव. थंडीत दोन सुती मोजे घालायला सांग. महिनाभर उतारावर काठी सोडू नको म्हणावं.

आईही आशीर्वाद सांगते. जेवत जा.
आप्पा

श्रीनगर, ३० नोव्हेंबर

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

त्यांचं नाव तारिक. थोरला भाऊ गोळीबारात गेला, कुणाच्या गोळीनं ते कळलं नाही. भीतीनं शेजारी येईनासे झाले. एकच माणूस येत राहिला, सोबत जेवत राहिला. सहा महिन्यांनी त्यानं सुरुंगांची पिशवी हातात दिली.

तुमच्या पायाचं मी सांगितलं, मोज्यांचा निरोपही दिला. उठून जातील असं वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि मोजे कुठले घ्यायचे ते विचारलं.

पाय बसवला. कठडा सोडून ते सात-आठ पावलं चालले आणि आप्पा, मला आनंद झाला. तुम्ही पहिल्यांदा अंगणात चाललात तेव्हा झाला होता, तसाच. तुमच्यापासून लपवायचा नव्हता, म्हणून लिहिलं.

लोभ आहे तसाच राहू द्या.
स्वप्नाली