उताणी पडलेली आवाबी

ती. आईस,
रोज बुडी मारण्याआधी तुझं नाव घेते, तोच नमस्कार समज.

मी मजेत आहे. कान दुखायचा थांबलाय. तुझा खोकला कसा आहे? अजून समुद्रात उतरतेस की नुसतं शेवाळ वाळवतेस?

एक सांगते, कोणाजवळ बोलू नकोस. सासरच्या या गावातल्या, माझ्यासोबत बुड्या मारणाऱ्या बायकांची मला शिसारी आली आहे. खडकाला चिकटलेले शिंपले चाचपत दिवसभरात दोन-तीन आवाबी मिळाल्या तरी नशीब, आणि मोजपट्टीला कमी भरलेली पिल्लं या बायका बोटीवरूनच भिरकावतात. ती तळाशी उताणी पडतात, शिंपला खाली आणि मांस वर. उलटायच्या आत मासे येऊन कुरतडतात. काल खाली सात-आठ अर्धवट खाल्लेली दिसली.

सासूबाईंना म्हटलं, तर म्हणाल्या, "लहान असेल तर परत सोडा, एवढाच नियम आहे. सोडली. आता काय अंथरूण घालून निजवायची?" सगळ्या हसल्या. सुकाणूवर बसलेले आमचे हेसुद्धा हसले. आणि याच बायका दर उन्हाळ्यात देवळात आवाबी वाढू दे म्हणून हात जोडतात.

लहानपणी मी एक अशीच फेकली, तेव्हा तू फटका मारून मला पुन्हा बुडी मारायला लावलंस, तिच्याच खडकावर पालथी ठेवून यायला. फार राग आला होता तुझा.

आता मी तेच करते. काल एक पिल्लू तळहाताला असं चिकटलं की सुटेचना. या गावात आल्यापासून मला इतकं घट्ट कोणी धरलेलं नाही.

खोकल्याचं औषध घे.
तुझी,
चिझुरू