मालकाचा रकाना

१४ मे १९८८
वस्तीवर शेळ्यांना आंत्रविषाराची लस; पावसाळ्यात कोवळं गवत खाऊन होतो तो. डब्यातला बर्फ बारापर्यंतच टिकतो, म्हणून घाई. सुपडाअक्का तीन शेळ्या घेऊन रांगेत पहिली. शेळ्या दोंडाईच्याच्या दौलतआबांच्या, तिच्याकडे अर्धलीने: सांभाळायचं तिने, पिल्लं निम्मी निम्मी. रजिस्टरात मालकाच्या सहीचा रकाना आहे. गेल्या साली एकाची शेळी गाभडली, त्याने लसीवर खापर फोडून वर तक्रार केली. तेव्हापासून सहीशिवाय मी सुईला हात लावत नाही. म्हटलं, आबांची सही आण.
"आबा आठे कोठे राहतस, साहेब?"
नियम म्हणजे नियम, म्हटलं. तिघींतली काबरी गाभण आहे. यंदाचं पिल्लू अक्काच्या वाट्याचं. म्हणजे जन्मात पहिली स्वतःची शेळी.
संध्याकाळी उरलेली लस फेकून दिली.

२० जून
सु.अक्का मजुरी बुडवून दोनदा दोंडाईच्याला जाऊन आली. आबा एकदा लग्नाला गेलेले, एकदा झोपलेले. आता लसच नाही. तालुक्याला पत्र टाकलं. उत्तर आलं तर आलं.

९ जुलै
दवाखाना उघडायच्या आधीच अक्का पायरीवर. पदराच्या गाठीत काबरीचा कापलेला कान. काल कोवळ्या गवतावरून घरी आली, पाय झाडले, संपली. पोटातलं पिल्लूही गेलं. अर्धलीची शेळी मेली की मालकाला खुणेचा कान दाखवायचा, म्हणजे परस्पर विकली नाही हे पटतं. पण आबांना हल्ली नुसता कान पुरत नाही, डॉक्टरची चिठ्ठीही लागते.
लिहिली. 'आंत्रविषाराने मेली. लस टोचलेली नव्हती.' सही, शिक्का. खोटं एक अक्षर नाही.
तिला वाचता येत नाही. मी वाचूनही दाखवली नाही.

१३ जुलै
आबांनी माणूस पाठवून उरलेल्या दोन्ही शेळ्या नेल्या. चिठ्ठी वाचून म्हणाले म्हणे, सरकार फुकट टोचतं, हिला तेवढंही झालं नाही, हिच्या हाती जनावर कशाला ठेवायचं.
अक्का भांडायला आली असती तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "साहेब, तुम्हीन काय लिखेल व्हतं?"
सांगितलं. ती पदर सावरून कामाला गेली.
रात्री जेवताना सौ. म्हणाली, तुम्ही नियमानेच वागलात ना. हो, नियमानेच. लाज वाटते ती त्याचीच.

१७ जुलै
दोंडाईच्याला गेलो. दुसरी चिठ्ठी नेली: 'ही बाई लस मागत होती. मी दिली नाही.'
आबांनी चष्मा लावून दोनदा वाचली. चहा पाजला. म्हणाले, "साहेब, तुम्ही भला माणूस. गरीब बाईसाठी अंगावर घेता."
पहिली चिठ्ठी खरी मानली, ही खोटी! मी पुष्कळ सांगितलं. ते हसत राहिले. शेळ्यांचं पोळ्यानंतर बघू, म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

२ ऑगस्ट
लस आली. या खेपेला सकाळी सहालाच वस्तीवर गेलो, बाया निंदणीला निघायच्या आत. मालकाच्या रकान्यात सांभाळणारीचं नाव लिहिलं आणि तिचाच अंगठा घेतला. वरून विचारतील तेव्हा पाहू. हे मे महिन्यात सुचायला काय झालं होतं मला?
सु.अक्काही आली होती. रिकाम्या हाताने. दुसऱ्यांच्या शेळ्या धरून देत होती. तिच्या हातात जनावर गप्प उभं राहतं. सगळं आटोपल्यावर जवळ आली.
"साहेब, त्या दोन्हीस्ले सुई दिधी का कोनी?"
माहीत नाही, म्हटलं.
दोन मात्रा राखून ठेवल्यात. एसटीच्या थांब्यावर बसून हे लिहितोय, डबा मांडीवर. दोंडाईच्याची गाडी साडेदहाची, अजून आलेली नाही. आबा घरी असतील का, गोठ्यात जाऊ देतील का, कोण जाणे. बर्फ बारापर्यंत.