विरुद्ध पक्षाचं म्हणणं

४ जानेवारी १९५८, शनिवार

हसले! वाचनालयात सगळे हसले!

आयुष्यातली पहिली गोष्ट लिहून नेली होती. सुरुवात — “मौजे नळदुर्ग येथील एक गृहस्थ, वय त्रेसष्ट. त्यांची कन्या, वय अठरा, वडिलांची रजा न घेता घर सोडून गेली.” शेवटी सवयीनं “तरी मेहेरबानांनी योग्य तो विचार करावा” हेही वाचून गेलो. शेजारचे हिंमतराव मांडीवर थाप मारून म्हणाले, “अंबादासराव, स्टँप चिकटवायचा राहिला की हो!”

तीस वर्षं कचेरीसमोर चटईवर बसून लोकांचे अर्ज लिहिले. उर्दूत. चार जमाती शिकलेला माणूस, हाताला एकच वळण. निजाम गेला, दोन वर्षांमागं उर्दूही गेली, चटई गुंडाळली. आता मराठीत गोष्ट लिहायची म्हणजे —

प्रमोदिनीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मुलींच्या शाळेवर आहेत. दर शनिवारी गोष्ट कशी रचायची ते सांगतात. “पुढच्या शनिवारी या,” म्हणाल्या. जावं का?

५ जानेवारी

गोष्ट लिहिण्याचं खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. माझी लेक चंद्रा मुरूमला शाळेत शिकवते. साडेचार वर्षं बोलणं नाही. मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाऊ नको म्हटलं, गेली. चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. लहानपणापासून गोष्टींचं वेड तिला. पत्र फाडत असेल, गोष्ट तरी वाचेल.

११ जानेवारी, शनिवार

गेलो. विसरेन म्हणून इथं उतरवतो. गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवं असतं. आड काहीतरी येतं. मग तो माणूस काय करतो, ती गोष्ट.

मी म्हटलं, “बाई, अर्जात तरी दुसरं काय असतं?”

“मग तुम्हाला निम्मं येतंच की!”

लई बरं वाटलं. घरी येईपर्यंत धास्ती — उरलेलं निम्मं कुठलं?

१२ जानेवारी

मौजे, वय, मेहेरबान, सगळं काढलं. आता अशी — सकाळची वेळ. बाप ओसरीवर कुणाचा तरी अर्ज लिहितोय. मुलगी ट्रंक घेऊन दारात. तीनदा खोडलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज कुणी हसलं नाही. बाईंनी मात्र विचारलं, “मुलगी का बोलत नाही?”

“म्हणजे?”

“बाप दीड पान बोलतो. तिचं एक वाक्य नाही.”

“अर्जात विरुद्ध पक्ष बोलत नसतो, बाई.”

“गोष्टीत बोलतो. तिलाही काहीतरी हवंच असणार ना?”

निघताना हिंमतराव जवळ येऊन हळूच म्हणाले, “आपल्या चंद्राची का हो?” मला माझी चप्पल सापडेना.

२१ जानेवारी

तीन दिवस आठवतोय. उलट बोलली, हे पक्कं. चारही पत्रांत तसंच लिहिलंय. पण काय बोलली? एक शब्द आठवत नाही! माझे सगळे आठवतात. रचून लिहायला गेलो, तर तिच्या तोंडून मीच बोलतोय.

२३ जानेवारी

पक्षकाराची माहिती नसली की आम्ही अर्जात जागा कोरी सोडायचो. तो येऊन सांगायचा, मग भरायची. तेच केलं. “मुलगी म्हणाली —” आणि खाली पाच ओळी कोऱ्या. पाकीट मुरूमला रवाना. सोबत चिठ्ठी नाही. टाकल्या टाकल्या पेटीत हात घालून पाहिला. जाईना!

२८ जानेवारी

टपालवाला दारावरून गेला. थांबला नाही.

३० जानेवारी

आजही नाही. पत्ता बरोबर घातला होता ना? पाच ओळी कमी तर पडल्या नसतील?

१ फेब्रुवारी, शनिवार

गोष्ट परत आली. कोऱ्या जागेत तिचं अक्षर —

“मुलगी काहीच म्हणाली नाही. बाप अर्जावरून मान वर करील म्हणून ती दारात उभी राहिली. मोटार चुकली तरी चालेल, असं तिला वाटत होतं.”

पाचवी ओळ — “नाना, रविवारी अकराच्या मोटारीनं येते.”

रविवार म्हणजे उद्याच!