दोन्ही चांगल्या

३ मार्च
आले एकदाची. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आणि माझी खोली तिच्या मागेच, त्यामुळे उशिरा पोचायला सबबच उरली नाही. तळमजल्यावर डायलिसिसचा हॉल. बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, काम समजावलं. एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चाळिशीला किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात आणि किडन्या निकामी होतात. दोष कोणत्या जनुकात, ते शोधायचं. त्या घरातली एक बहीण आणि एक भाऊ उरलेत. खालीच मशीनवर असतात. बाई फार मायाळू. माझं अंथरूणसुद्धा स्वतः घालून ठेवलं होतं.

८ मार्च
तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मीच हात पुढे केला. बाई हसून म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१५ मार्च
माझा नमुना त्या कुटुंबातच जाऊन बसला. नळी बदलली असेल म्हणून पुन्हा रक्त दिलं. तेच. सख्ख्या भाचीइतकं जुळतंय. मी दत्तक आहे हे आईने कधी लपवलं नाही. पण कुणाची, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दोष मात्र माझ्यात नाही. बाईंनी मला पोटाशी धरलं, बराच वेळ सोडलं नाही. इतक्यात कुणाला सांगू नका म्हटलं. बरं म्हणाल्या.

१६ मार्च
खालून बोलावणं आलं. मशीनला जोडलेली ती बहीण म्हणाली, मी तुझी मावशी, हा तुझा मामा. मला भरून आलं. जन्म देणारीबद्दल विचारलं. धाकटी होती, म्हणाली. आमच्यात तेवढीच निरोगी. एक किडनी भावाला दिली, ती परवापरवापर्यंत चालली. मग मी माझ्यासाठी मागितली तर पळून गेली.
मी म्हटलं, पण तिला एकच उरली होती ना?
हो, मावशी म्हणाली. चांगली होती.

१८ मार्च
माझं रक्त त्या दोघांना चालेल का, हे बाईंनी मला न विचारता तपासलंय. दोघांनाही चालतं. नोकरी सोडते म्हटलं. त्या म्हणाल्या, आता बाई नको, मामी म्हण. मामाची बायको ती मामीच ना.

१९ मार्च, दुपार
दाराला बाहेरून कडी. फोन मामीकडे. खिडकीला गज. बाहेर दोघं हसतायत — मामाला डावी, मावशीला उजवी. आणि मला —

चाकांचा आवाज. मामी म्हणते, मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस. दाराला टेबल लावलंय. सरकतंय —

मावशी म्हणते, रडू नकोस गं, आपण घरचीच माणसं. आई, मी इथे पहिल्या मजल्यावर, मागच्या —