इंडेक्सपुढची चांदणी

४ ऑगस्ट १९९७, सोमवार. पेण.
आजपासून रोजनिशी. दत्तूशेठच्या गणपती कारखान्यात माझा प्रोग्राम सुरू. गिऱ्हाईक रिवाजाप्रमाणे मूर्तीसाठी घरचा पाट आणून देतं. आता नाव, गाव, पाटाचा नंबर, सगळं कॉम्प्युटरमध्ये. पाटाच्या कडेला खडूने नाव लिहिणं बंद करा असं सुचवलं. शेठ म्हणाले, ऱ्हाऊ दे, खडूला लाईट लागत नाय.

संध्या. ५. एक एरर सापडेना. इंडेक्सच्या ओळीपुढे चांदणी (*) टाकून ओळ बंद केली. पाच मिनिटांपुरती. इंडेक्स नसला की कॉम्प्युटर प्रत्येक नाव पहिल्यापासून शोधत बसतो. एरर भलतीकडेच निघाली. ऑपरेटर दीनाने विचारलं, चांदणी राहिली का? म्हटलं, ऑपरेटरने कोडमध्ये नाक खुपसू नये. माझ्या सगळं लक्षात असतं.

१४ ऑगस्ट.
सातशे पाट झाले. नाव टाकलं की पाट सापडेपर्यंत चहा पिऊन होतो. आधी व्होल्टेजचा संशय होता. आता शाडूच्या धुळीचा. कीबोर्ड फडक्याने पुसला. फरक नाही.

१९ ऑगस्ट.
शेठनी चारचौघांत विचारलं, तुझा प्रोग्राम रडतोय का? तोंडातून निघून गेलं, टायपिंगला दीनाचा हात जड आहे. ९ सप्टेंबरला तिचा रोह्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे, शेठच्या अनुभवाच्या पत्रावर सगळं अडलंय. शेठ म्हणाले, हात जड तर पत्र कसं देऊ? फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. चारच भाकऱ्या.

२३ ऑगस्ट, शनिवार.
दीना ज्यू; शुक्रवारच्या मावळतीपासून शब्बाथ पाळते, शनिवारी येत नाही. मीच बसलो. कोड उघडला, चांदणी दिसली. काढली. प्रोग्राम सुसाट. शेठ मागेच उभे! म्हणाले, "बघ, पोरगी नाय तर कसा पळतो." खरं सांगणारच होतो, पण त्यांनी चहा मागवला. चहा पिताना असले विषय बरे दिसत नाहीत.

२४ ऑगस्ट.
चैन नाही. तोडगा सापडला. चांदणी परत लावली. उद्या मी स्वतः बसणार, शेठच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम रखडणार, दीना निर्दोष. खोटं बोलायला नको, खरंही बोलायला नको.

२५ ऑगस्ट.
रखडला. शेठनी विचारलं, आता कोणाचा हात जड? म्हणालो, व्होल्टेज.
मी नीच माणूस आहे. श्रावणी सोमवार होताच, प्रायश्चित्त म्हणून उपास कडक केला. खिचडी एकदाच घेतली.

५ सप्टेंबर, शुक्रवार.
उद्या चतुर्थी. अकराशे पाट, गल्ली भरून माणसं, कासू गावचा टेम्पोवाला शिव्या देतोय. आणि चांदणी काढायची राहून गेलेली! एका नावाला सहा मिनिटं. काढायला बसलो तर लाईट गेली.
दीना खडूची नावं वाचत, माणसांना हाका मारत एकेक गणपती मार्गी लावत गेली. दिवस मावळायच्या आत, शेठशी दोन शब्द बोलून, शब्बाथसाठी घरी निघाली. जाताना म्हणाली, "कमळाकरदादा, शेठ म्हणाले प्रोग्राम शनिवारी पळाला. मग चांदणी परत कोणी लावली?"
मी फडकं घेऊन कीबोर्ड पुसायला लागलो.

८ सप्टेंबर, सोमवार.
सगळं कबूल करायचंच म्हणून शेठकडे गेलो. भाषण पाठ होतं. शेठ म्हणाले, आधी दीनाचं पत्र टाईप कर, उद्या रोह्याला जायची हाय ती. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं: कुमारी दीना एलियास हिने प्रोग्राममधली चूक पहिल्याच दिवशी दाखवली होती. प्रोग्रामरने ऐकलं नाही, वर दोष तिच्यावर टाकला.
इथे माझी बोटं थांबली.
शेठ म्हणाले, "काय रे, हात जड झाला?"
व्हय म्हणालो. महिनाभरात खरं बोललो तो हा एकच शब्द. नऊ ओळींच्या पत्राला पाऊण तास लागला.