उसना आवाज

सोमवार, ६ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

राणीने विषाचा पेला तोंडाला लावला आणि मी उठून टीव्हीचा आवाज बंद केला. मरायला टेकलेल्या बाईच्या मागे तुम्ही मालिकावाले जे बडवत होता ते सर्कशीनेही परत पाठवलं असतं. तीनशे वर्षांपूर्वीची राणी, आणि दंडावर लशीचा ठळक वण. लढाई पाहून तर शिसारी आली. रक्त सरबतासारखं. घोडे वेगवेगळे, पण खिंकाळणं एकच. तुझ्याकडे एकच घोडा आहे का रे?

तरी येत्या रविवारची वाट बघते आहे, कारण दरबारातला म्हातारा गवई म्हणून आपले अण्णा दिसणार. नाटकमंडळी बंद पडल्यापासून ते चारचौघांत गायलेले नाहीत. आता गल्लीभर सांगून झालंय. दूधवाल्यालासुद्धा वेळ कळवली आहे. मालिकेचा आवाज तू सांभाळतोस, त्यांचं गाणं तुझ्या हाताखालून जाणार, म्हणून मी निश्चिंत आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

गुरुवार, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

घोडा एकच आहे. तोही गाढव असावा असा मला संशय आहे.

पुढचं हसत लिहिता येत नाही. अण्णांचा आवाज काढून टाकलाय. दिग्दर्शकाने ध्वनिमुद्रण ऐकून नाक मुरडलं. त्याचं म्हणणं, प्रेक्षकाला जुना काळ हवा असतो, जुना आवाज नको असतो. एका तरुण गायकाकडून तेच गाणं गाऊन घेतलं आणि अण्णांच्या ओठांवर बसवलं. बसवलं म्हणजे मी बसवलं. ते माझंच काम. इतकं चपखल बसलंय की माझ्याच हातांची किळस आली.

अण्णांना ठाऊक नाही. तू सांग, नाहीतर रविवारी टीव्ही बिघडव. बुधवारी त्यांचं शेवटचं चित्रण आहे, राजाच्या मृत्यूचं. तिथे तयार गाणं वाजवणार, त्यांनी फक्त ओठ हलवायचे. कळल्यावर ते येतील का?

राग माझ्यावर काढ, माया तेवढी राहू दे.

धाकटा

मंगळवार, १४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. टीव्ही बिघडवायचं वाचून तुझीही किळस आली, हे लिहून टाकते. मी सांगणार होते. दोनदा अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ते आरशासमोर उभे राहून, गाताना मान कशी धरली होती ते आठवत होते. तशीच परत फिरले. तेव्हा आपण दोघंही सारखेच.

रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर अण्णांनी तोंड उघडलं आणि आतून पंचविशीतला, साखरेत घोळलेला आवाज बाहेर आला. शेजारच्या डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. या वयात काय गळा राखलाय, म्हणाले. सगळे वळून अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी शांतपणे सांगितलं की हा आवाज त्यांचा नाही. मग म्हणाले, पोराचा गळा तयार आहे, पण समोर राजा बसलाय हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. दूधवाला चहा न घेताच गेला.

उद्या जाऊ नका म्हणून मी विनवलं. शब्द दिलाय, म्हणाले, आणि स्वतःच सदऱ्याला इस्त्री करायला बसले. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. ते फोडणार नाहीत. तिथे त्यांना कोणी वेडंवाकडं बोललं तर तुझी गाठ माझ्याशी आहे.

तरीही तुझीच,
ताई

बुधवार, १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

राजा पलंगावर निजला, गाणं लागलं, कॅमेरा सुरू झाला. अण्णा उशाशी बसले होते. त्यांनी तोंड उघडलंच नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. साहाय्यकाने वाकून समजावलं की आजोबा, नुसते ओठ हलवायचेत. दिग्दर्शक लांबून ओरडला, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही का. तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "येतं की. म्हणून तर ऐकतोय."

दिग्दर्शकाने मला बोलावून बापाला समजाव म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. अण्णांचा मेकअप तसाच ठेवून आम्ही दोघं मागच्या पायरीवर जेवलो. अण्णा भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

आता रागाचं तूच बघ. मायेचं मी विचारत नाही.

धाकटा

ता. क. गुरुवार सकाळ. अण्णांना नऊच्या गाडीत बसवून दिलं. त्यांना वगळून तो प्रसंग उरकला. राजा गाण्याशिवाय मेला.