जावयाच्या चाकांना तेल

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
मनू आणि जावईबापू कालच धुळ्याहून आले. (यापुढं नुसतं जा.बा., एवढं लांब कोण लिहिणार.) लग्नानंतरचा पहिला दसरा. लेकीला चौथा महिना, तरी पाय एका जागी नाही. सकाळी ह्यांना जोर चढला. दोन्ही गाड्यांची चाकं काढली, धुतली, आणि चाक धरून ठेवणाऱ्या बोल्टांना तेल. आयुष्यभर कापडाचे लूम दुरुस्त करत आलेला माणूस, दिसेल त्या लोखंडाला तेल पाजणार. "तेल बिगर लोखंड जगस का?" आधी जावयाची गाडी, मग आमची. पान्याला पाईप अडकवून, वर पाय देऊन नट आवळले. जा.बा. शेजारी उभे, "मामा, कमाल आहे तुमची!" मग काय, हे फुगले. आमच्या पुढच्या चाकाला शेवटचा नट आवळताना कट् आवाज. बोल्ट मोडून नटासकट हातात. मी घाबरले. हे म्हणे, "तीन शेतस ना अजून, काय व्हस?" चारांतले तीन आहेत म्हणून निर्धास्त.
श्रीखंड आंबट झालं होतं. तरी सगळ्यांनी दोनदा घेतलं.

३ ऑक्टो.
दोघं दुपारी निघाली. संध्याकाळी मनूचा फोन, पोचलो. दिवाळसणाला येतील. घर एकदम रिकामं.

५ ऑक्टो., रवि.
आज जिवावरचं निभावलं.
दिरांकडे चलथाणला निघालो होतो. हायवेवर खालून टक् टक्. म्हटलं थांबवा, तर म्हणे दगड अडकला असेल. मग स्टिअरिंग हलायला लागलं, ह्यांना आवरेना. मागून ट्रक, भोंगा वाजवत. कसंबसं कडेला घेतलं. पुढचं चाक तिरकं. आणखी एक बोल्ट गेलेला, उरलेले दोन सैल. मी रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. हे मला पाणी पाजत होते, पुन्हा पुन्हा चाकाकडं बघत होते. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

६ ऑक्टो.
गाडी ओढून गॅरेजला नेली. मेकॅनिक इथलाच, गुजराती, तोंडाचा फटकळ. चाक काढलं आणि ओरडलाच, "काका, आमां तेल कोणे नाख्युं?" यात तेल कुणी घातलं म्हणून. तेलामुळं नट नको तितका पुढं सरकतो, बोल्ट ताणला जातो. त्याला तो स्टड म्हणतो. वरून चांगला दिसतो आणि चालता चालता मोडतो. एकाच चाकाचे नाही, सगळ्या चाकांचे बदला म्हणाला. हे मान खाली घालून उभे.
रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात आलं. जा.बां.ची गाडी. तेच तेल, तोच पाईप. ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना ते माझ्या आधीच कळलं होतं.
म्हणजे त्या दिवशी पोर तसल्या चाकांवर धुळ्याच्या वाटेवरचा घाट चढून गेली. मी इथं भांडी आवरत होते.

७ ऑक्टो.
"आत्ता फोन करा."
"करस ना."
केला नाही. रात्री पुन्हा म्हटलं तर भडकले. "जावाईले काय सांगू? मन्हा हात चुकना?" मग आवाज खाली आणून, मी सांगेन, माझ्या पद्धतीनं सांगेन, तू मधी पडू नको, माझी शपथ आहे तुला. शपथ कशाला घालायची या वयात! घातली.

९ ऑक्टो.
मनूला फोन. गाडी फिरवता का गं? "नाही आई, हे स्कूटरनं जातात, गाडी दारातच आहे." जिवात जीव आला. मग म्हणते, दिवाळीला मात्र गाडीनंच येणार, बसचे गचके डॉक्टरांनी नको सांगितलेत. ट्रेननं या म्हटलं. दिवाळीत जागा मिळते का, म्हणे.
बालवाडीत आज माझ्या वर्गातल्या पोरांनी खडूनं गाड्या काढल्या. मी चाकांकडंच बघत राहिले.

१२ ऑक्टो.
चकल्या बिघडल्या. तेलात टाकल्या की विरघळत होत्या. लक्ष कुठं आहे माझं.
अजून फोन नाही. आज काय तर, म्हणे रविवार, जावई झोपलेले असतील.

१४ ऑक्टो.
शेवटी लावला. मी जवळ बसले, स्पीकर सुरू. तब्येत, पाणीपाऊस, जावयाच्या बँकेतली कामं, सगळं झालं. मग हे घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, निघायच्या आधी चाकांकडं जरा बघून घ्या." तिकडून हसणं. "मामा, तुमचा हात फिरलाय त्यावर. बघायचं काय त्यात!"
आणि हे खूश! गालातल्या गालात हसले सुद्धा. फोन ठेवल्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. जेवले नाहीत. मीही नाही.

१७ ऑक्टो.
झोप नाही. डोळा लागला की स्टिअरिंग हलतंय. आत मनू, पोटावर हात धरून. त्या घाटात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.
देवापुढं दिवा लावला आणि शपथ मोडते म्हणून सांगितलं. ह्यांचं काही बरंवाईट होऊ देऊ नको. पण पोरीचंही नको.

१८ ऑक्टो. धनत्रयोदशी.
सांगितलं. मनूला सगळं. बोल्ट मोडलेले, चलथाणचा रस्ता, मेकॅनिक काय बोलला ते. ती आधी हसली, मग हसणं थांबवून म्हणाली, "ह्यांना सांगते आई. तू नको काळजी करू." दोनदा वदवून घेतलं. गॅरेजलाच न्या म्हटलं. हो म्हणाली.
आज जेवण गेलं. ह्यांना काही बोलले नाही.

२१ ऑक्टो. लक्ष्मीपूजन.
मनू म्हणाली, चाकांचं झालं आई, उद्या सकाळी निघतो. देवा, तुझे उपकार. जा.बां.चा शर्ट आणि मनूची साडी पाटावर ठेवून बघितली. हिरवा रंग तिला खुलतो.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.
घाईत लिहिते. बसून राहवत नाही म्हणून लिहिते.
सकाळी मनूचा फोन, साक्रीच्या पुढं आलो. सहज विचारलं, कुठल्या गॅरेजला नेली होती? ती अडखळली. "गॅरेज सगळी बंद होती गं सणाची. ह्यांनी घरीच केलं. बाबांसारखंच, तेल घालून, पाईप लावून, चांगले पुन्हा आवळले."
अगं, तेलाचंच सांगितलं होतं ना तुला!
"बाबांची चूक झाली असं कसं सांगू ह्यांना, आई? चाकं सैल वाटतात, एवढंच म्हटलं. एक नट नुसताच फिरत होता म्हणे, मग बसला."
ओरडले, थांबवा, गाडी थांबवा. मागून जा.बां.चा आवाज, काय म्हणतायत? मनू म्हणाली, काही नाही, लवकर या म्हणतायत. आणि फोन कटला. घाट लागला असणार, तिथं रेंज नसते.
हे दारात उभे राहून ऐकत होते. माझ्यावर चिडतील वाटलं, शपथ मोडली म्हणून. चिडले नाहीत. स्वतःचा फोन घेतला, जा.बां.ना लावला. चार वेळा नाही लागला. पाचव्यांदा लागला. असे ओरडले की समोरची बाई बाहेर आली. "जावईबापू, गाडी थांबवा! मी चुकलो! तेल घातलं ती माझी चूक झाली! ऐकताय ना?"
तिकडून "हॅलो, मामा, हॅलो, आवाज येत नाही," आणि गेला.
दिरांना सांगितलंय, ते आमच्यापेक्षा जवळ, चलथाणहून गाडी घेऊन घाटाखालच्या सोनगडकडं निघालेत. तरी पोचायला वेळ लागणार. मी मनूचा नंबर लावतेय. बंद. पाटाभोवती रांगोळी अर्धी राहिलीय.
हे पायरीवर बसलेत, फोन कानाला. रिंगसुद्धा जात नाहीये, तरी तेच बोलतायत, माझी चूक झाली, माझी चूक झाली.